विषय क्रमांक दोन : मागच्या गेटची कडी

इमारतीच्या सभेपुढे दोन विषय होते. पहिला, मुलांच्या खोलीतल्या सामाईक संगणकावर बंदुकीचे खेळ असावेत की नसावेत. दुसरा, मागच्या गेटची तुटलेली कडी. हा क्रम महत्त्वानुसार लावला आहे, असे सेक्रेटरींनी सुरुवातीलाच स्पष्ट केले.

दुसरा विषय तळमजल्यावरच्या एका तरुण आईचा होता. मागचे गेट थेट ट्रकच्या रस्त्यावर उघडते. कडी तुटल्यापासून ते सुतळीने बांधलेले असते, आणि तिच्या तीन वर्षांच्या लेकीला आता सुतळी सोडता येऊ लागली होती. नवी कडी तिने स्वतःच विकत आणली होती; पण सामाईक मालमत्तेला ठरावाशिवाय स्क्रू लावणे नियमबाह्य असल्याचे तिला कळवण्यात आले, आणि ठराव दर वेळी वेळेअभावी पुढे जाई. तेव्हापासून कडी पर्समध्ये घालून ती प्रत्येक सभेला येत असे. आजही एका हातात पर्स आणि दुसऱ्या हातात लेकीचे मनगट घट्ट धरून ती मागच्या रांगेत बसली होती.

पहिल्या विषयाला तसेच कारण घडले होते. एका पोराने चेअरमनवर दात घासायचा ब्रश रोखून तोंडाने 'ठो' असा आवाज काढला होता. चेअरमन त्यातून बचावले. पण समाजाचे काय, असा प्रश्न त्यांनी उपस्थित केला.

बंदीचा ठराव पंखा वेग घ्यायच्या आत झाला असता. पण दुसऱ्या मजल्यावरच्या दंतवैद्यांनी उपसूचना मांडली. बंदी फक्त नव्या खेळांवर असावी; जुन्या खेळांतल्या हिंसेत संस्कार होते.

"आमच्या वेळी पडद्यावर वर-खाली बघायची सोयच नव्हती," ते म्हणाले. "माणूस नाकासमोर चालायचा आणि नाकासमोरच गोळ्या घालायचा."

सभेतले चाळिशीचे सगळे बाप हळवे झाले. मग एकेकाला कंठ फुटला. जखम झाली की औषधाची पेटी हुडकावी लागे, त्यातून आरोग्याची किंमत कळे. गोळ्या मोजक्या मिळत, त्यातून काटकसर. एखाद्या भिंतीमागे चोरखोली असे, म्हणून प्रत्येक भिंत चाचपावी लागे, त्यातून चिकाटी. आताचा खेळाडू आडोशाला दोन श्वास घेतो की ठणठणीत, आणि जायचे कुठे तेही बाण दाखवतो, असे सांगताना आर्किटेक्टनी आपल्या धाकट्या भावाकडे असे पाहिले, जणू तो बाण त्यानेच काढला होता.

विमा एजंट नव्या खेळांच्या बाजूने उभे राहिले. नव्या खेळांत रक्ताचा रंग अस्सल असतो. मुलांना खोटे रक्त दाखवणे हीच खरी हिंसा, असे त्यांचे म्हणणे पडले. चौकोनी रक्ताने कल्पनाशक्ती वाढते, असे दंतवैद्यांनी ठणकावले. दोन तट पडले. चेअरमन मध्ये काही बोलू लागले, तेव्हा ज्यांनी एकही पातळी पार केलेली नाही त्यांनी मत देऊ नये, असा नियम सभेने एकमताने करून टाकला.

"कडीचं घेऊ या का आता?" तिने विचारले.

"वहिनी, इथे गंभीर विषय चाललाय," सेक्रेटरी म्हणाले. तिचा नवरा मघाच खुर्ची उचलून जुन्या खेळांच्या तटात जाऊन बसला होता. त्यानेही हाताने 'थांब ना जरा' अशी खूण केली.

तिचे डोके सणकले. ती उभी राहिली.

"तुमच्या त्या जुन्या खेळात दार किल्लीशिवाय उघडायचं का हो?"

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. दंतवैद्यांचा आवाज भरून आला. "नाही वहिनी. लाल दाराला लाल किल्लीच लागायची."

"आणि निळ्याला निळी," ती म्हणाली. "आमचा दादा बंदूक चालवायचा, दारं उघडायचं बटण माझ्याकडे असायचं. दार असं सहज उघडत नव्हतं, म्हणून तर त्यात राम होता."

टाळ्या पडल्या. इतक्या सभांमध्ये तिचे कोणी ऐकून घेत होते ते आजच. दंतवैद्यांनी तिला मानाने पुढे बोलावले. एजंटांनी तिला आडवे घेतले, तेव्हा किल्ली आधी की राक्षस आधी, हे तिने दोन्ही हातांनी हवेत नकाशा काढून असे समजावले, की एजंट खाली बसले. नवऱ्याने अभिमानाने इकडेतिकडे पाहिले. सेक्रेटरींनी तिचे मुद्दे शब्दशः उतरवून घेतले.

तेवढ्यात दारात एक ट्रक ड्रायव्हर येऊन उभा राहिला. त्याच्या कडेवर तिची लेक होती आणि लेकीच्या मुठीत सुतळी.

"कुणाची आहे ही?" त्याने विचारले. "ब्रेक लागला म्हणून..."

तिने लेकीला ओढून घेतले. सेक्रेटरींनी पुन्हा पेन उचलले. बाहेरची व्यक्ती मागच्या गेटने विनापरवानगी आत आल्याबद्दल सभेने तीव्र नापसंती व्यक्त केली. जुने खेळ ठेवण्याचा ठराव, तिच्या भाषणाचा खास उल्लेख करून, मंजूर झाला. विषय क्रमांक दोन वेळेअभावी पुढे ढकलण्यात आला.

लेकीचे मनगट आपल्या हातातून कधी सुटले, हे तिला काही केल्या आठवेना. तुम्हाला आठवते? तुम्ही तर पहिल्यापासून बघत होतात.

असो. चर्चा रंगली होती, हे मान्य. तुमचा तट कोणता, जुना की नवा?