हिरव्या बांगड्या उजव्या हातात

लाँच चालवणाऱ्या सारंगाची परीक्षा म्हणजे काय मोठंसं, असं मी तेव्हा छाती फुगवून विचारत होतो. ज्या तांडेलाने शिडाचं गलबत ऐन वादळातून मालवण बंदरात आणलं, त्याला कचेरीतला साहेब विचारून विचारून काय विचारणार? बांगड्याचा भाव?

पण मंडळी, साहेबाने छापील पुस्तक पाठवलं! दिव्यांचे नियम, शिट्यांचे नियम, धुक्याचे नियम! आणि मला तर अक्षरं आली चाळिशीत, तीही चौथी शिकलेल्या माझ्या बायकोकडून, सुगंधाकडून. जोडाक्षर समोर आलं की माझं गलबत खडकावर आपटलंच!

तरी पास होणं भाग होतं. शिडांचे दिवस संपत आले होते. रेडीला खनिजाच्या पडाव-होड्या ओढायला लाँच आली होती. सारंगाचा दाखला मिळाला तर रोज घरची पेज. नाही मिळाला तर मी मुंबईच्या गोदीत आणि सुगंधा इकडे एकटी.

चार ओळी वाचल्या की माझे डोळे मिटायचे. शेवटी सुगंधाच म्हणाली, "तुमका देवाचा गाऱ्हाणा येता मा? देवळात दाजी घालतत तसा म्हणा. मी व्हय म्हणतंय."

मी हात जोडले. "बा देवा म्हाराजा! समोरसून लाँच येता, तर आपण उजवीकडे वळाचा, एक शिटी मारूची रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" चुलीपाशी बसून सुगंधाने होकार दिला.

काय सांगू! गुळाला मुंग्या लागाव्यात तसे नियम डोक्याला चिकटायला लागले!

राहिली दिव्यांची बाजू. तिथे डावं-उजवं हटकून चुकायचं. सुगंधाने उजव्या हातात हिरव्या आणि डाव्या हातात तांबड्या बांगड्या भरल्या आणि माझ्याकडे पाठ करून तांदूळ निवडायला बसली. "बघा, मी लाँच! ह्यो हिरवो दिवो, ह्यो तांबडो."

शेजारच्या हौसाबाईने ते हात पाहिले. "गो सुगंधा, कासारान फसयल्यान काय तुका?"

पण हौसाबाईचे कान डोळ्यांहून तिखट. तिन्हीसांजेला कुंपणापलीकडून तिने ऐकलं, "उजवीकडसून तांबडो दिवो येता, तर आपण वाट सोडूची रे म्हाराजा!" झालं! भुतांतला दिवा घेऊन फिरणारा देवचार मला, परशुरामाला, दिसला, आणि तोही रोज दिसतो, अशी बातमी वाडीभर! दुसऱ्या दिवशी सगळी वाडी अंगणात. पुढे देवळातले दाजी, हातात नारळ. मागे हौसाबाई, काखेत कोंबडा.

"परशुरामा, देवचार खंय दिसलो तुका?"

"कसलो देवचार, दाजीनूं? माझी परीक्षा आसा!"

"परीक्षा?" दाजी मटकन खाली बसले. "मगे ह्या देवचारापेक्षा वायट!"

त्यांनी नारळ फोडलाच. कोंबडा मी पास झाल्यावर, असं ठरलं. तेव्हापासून रोज तिन्हीसांजेला वाडी व्हय म्हणायला हजर! एकदा कंटाळून मी पांघरूण ओढलं, तर हौसाबाई दारात. "उठ रे बाबा! काल धुक्याचा अर्धा रवला. माका घास गोड लागूक नाय!"

परीक्षेच्या दिवशी साहेबांनी प्रेमाने विचारलं, "तांडेल, लाँचचे दिवे सांगा बघू."

मी शुद्ध मराठी बोलायला तोंड उघडलं. ते उघडंच राहिलं! शेवटी हात जोडले. "बा देवा म्हाराजा! डोलकाठीवर पांढरो दिवो रे म्हाराजा!" आणि थांबलो.

"पुढे?"

"साहेब, कोणी व्हय म्हटल्याशिवाय पुढचं येत नाही."

"व्हय म्हाराजा!" खिडकीबाहेर गर्जना झाली. अख्खी वाडी व्हरांड्यात! कोंबड्यासकट!

साहेब उठलेच. "हे लोक उत्तरं सांगतायत!"

"नाय ओ सायबानूं," खिडकीचे गज धरून सुगंधा म्हणाली, "आमी फकत व्हय म्हणतो. त्येंचो जीव अडकता."

ती माझ्याकडे तोंड करून उभी होती. मी तिच्या बांगड्यांकडे पाहिलं आणि ठणकावून म्हणालो, "हिरवो दिवो डावीकडे रे म्हाराजा!"

दाजी छपराकडे बघू लागले. कोंबड्यानेसुद्धा मान आत घेतली. मला मुंबईची गोदी दिसायला लागली.

सुगंधाने गज सोडले आणि माझ्याकडे पाठ फिरवली. रागावली, असं वाटून माझं काळीज तुटलं. मग तिने पदर सावरायला दोन्ही हात वर केले. हिरव्या बांगड्या उजवीकडे!

"चुकलो, साहेब! तांबडो डावीकडे, हिरवो उजवीकडे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" कचेरीची कौलं हलली.

साहेब बराच वेळ रुमालात खोकत होते. मग त्यांनी शिट्या विचारल्या, धुकं विचारलं. मी सांगत गेलो, व्हरांडा होकार देत गेला. शेवटच्या उत्तराला तर साहेबांच्याच तोंडून व्हय निसटलं!

दाखला मिळाला. मी रेडीला सारंग झालो. सुगंधा कधी लाँचवर आली की पुढच्या टोकाला, नाळेपाशी बसायची, माझ्याकडे पाठ करून. धक्क्यावरचे लोक हळहळायचे, "सारंगाचा नि बायलेचा आज परत वाजला वाटता!"

भांडलो असं म्हणोत बापडे. सारंगाला डावं-उजवं बायकोच्या हातावर बघावं लागतं, हे कुठल्या तोंडाने सांगणार?