फियाटचा उलटा पाय

वेग घ्यायला उमरावजींनी अॅक्सिलरेटर दाबला तशी फियाट थंडावली. घाबरून त्यांनी पाय उचलला, तर ती डरकाळी फोडून सुटली आणि शेजारच्या बकारामच्या तणसाच्या ढिगात बॉनेटपर्यंत शिरली.

उमरावजींच्या पत्नी सुमित्राबाई अंगणात हाताची घडी घालून उभ्या होत्या. एकतीस वर्षं त्यांनी शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं होतं. असं होणार हे त्यांनी सकाळीच सांगितलं होतं.

"नव्या कार्बोरेटरचा दांडा उलट्या बाजूला फिरतो. जुनीच सळई तशीच लावली, तर पाय दाबल्यावर तो बंद होईल आणि उचलल्यावर उघडेल."

त्यावर मनिराम मिस्त्री म्हणाला होता, "मॅडम, तुमी चाय पाठवा."

फियाट सुमित्राबाईंच्या वडिलांची. एकोणिसाव्या वर्षी त्या हिच्यावरच गाडी शिकल्या होत्या. सोमवारी अकराला तिची आरटीओत तपासणी होती. पास झाली तर कागद पुढे चालणार, नाहीतर भंगार. आणि अशा वेळी उमरावजींनी, एका शब्दानं न विचारता, मोठा कार्बोरेटर आणला. जुना चांगला चालत होता. तो त्यांनी बदल्यात देऊन टाकला.

"कायले दिला?" सुमित्राबाईंनी विचारलं.

"मोठ्यानं गाडीले दम येते."

"गाडीला दम होता. धीर तुम्हाला नव्हता."

तणसातून गाडी काढून पुन्हा काम सुरू झालं. दुसऱ्या दिवशी कपडे वाळत घालायची तार गाडीच्या कामी गेली. तिसऱ्या दिवशी सुमित्राबाई शिवायला बसल्या तर मशीनचं पायदान नुसतंच हलायला लागलं. त्या तडक बाहेर आल्या. पायदानाची सळई बॉनेटखाली होती.

"ही माझ्या मशीनची आहे."

"मशीन कोन चालवते आता?" उमरावजी म्हणाले.

"मी. काल."

"सोमवारनंतर देतो ना. काऊन तापून राहिली?"

सुमित्राबाई घरात गेल्या. भांडी त्यांनी एरवी आवाज न करता घासली असती. त्या दिवशी बकारामच्या घरापर्यंत ऐकू गेली.

मुर्री गावात उघडं बॉनेट पाहून कोणी नुसतं पुढे जात नाही. दूधवाल्यानं एक स्क्रू अर्धा फेरा आवळला. बकारामनं तोच एक फेरा सैल केला. गावच्या पोस्टमननं स्वतःहून स्प्रिंग ताणून पाहिली आणि लांब करून ठेवली. शनिवारी संध्याकाळी गाडी उभ्या उभ्या अशी गरजत होती, की मनिरामला उमरावजींच्या कानाशी जाऊन सांगावं लागलं, "आता जमलं, भाऊ."

रविवारी सकाळी सुमित्राबाई उमरावजींना आणि मनिरामला शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही दोघं नागऱ्याला जाऊन या. महादेवाला नारळ फोडा. आता त्याच्याच हातात आहे."

हे दोघांनाही पटलं. त्यांची मोटरसायकल वळणाआड जाताच सुमित्राबाईंनी पदर खोचला आणि मोजपट्टी काढली. पाय किती खाली जातो, दांडा किती फिरायला हवा, हे मोजून लिहिलं. पाय आणि दांडा यांच्या मधली पट्टी एका खिळीवर फिरत होती, आणि सळई त्या खिळीच्या खालच्या बाजूला लावलेली होती. ती वरच्या बाजूला लावली की दिशा उलटते. खिळीपासून किती अंतरावर लावायची, एवढंच गणित उरतं, आणि ते त्यांनी नववीच्या कितीतरी तुकड्यांकडून करून घेतलं होतं. त्यांनी पट्टीला नवं भोक पाडलं, स्प्रिंग बदलली. दोन तासांत पाय दाबला की गाडी बोलायला लागली आणि उचलला की गप्प बसायला. गाडीची जुनी सळईच पुरली, मशीनची मोकळी झाली.

सोमवारी त्या स्वतः चालवायला बसल्या, उमरावजी शेजारी. गोंदियाच्या रस्त्याला लागल्यावर पाय उचलला, पण इंजिन खाली येईना. त्यांनी चावी फिरवून गाडी कडेला घेतली आणि बॉनेट उघडलं. बरोबर त्यांच्या सळईवर काळ्या दोऱ्यानं लिंबू-मिरची आणि बिब्बा बांधलेला होता. बिब्बा दांड्यात अडकला होता.

"हे कधी बांधलं?"

"काल. नागऱ्यावरून आनलं. नवीन सामान, नजर लागन."

"कोणाची?"

"लोकाइची."

"लोकांना बॉनेटच्या आतलं दिसतं का?"

उमरावजींनी आठवून पाहिलं. "मुर्रीत तं साऱ्याइनंच पाह्यलं."

सुमित्राबाईंनी दोरा दातांनी तोडला. उरलेल्या रस्त्यात त्यांनी फक्त गिअर बदलले. उमरावजींना भांड्यांचा आवाज बरा वाटला असता.

तपासणीच्या रांगेत मात्र उमरावजींना कंठ फुटला. "मीच बसवला," ते पुढच्या ट्रकवाल्याला सांगत होते. "डोकं माहं, हात मनिरामचा." सुमित्राबाई समोरच्या काचेकडे बघत बसल्या. काच तडकली नाही, याचंच नवल.

तपासणी करणाऱ्या साहेबांनी बॉनेट उघडलं. त्यांचा चेहरा आखडला. "कार्बोरेटर बदलला? ही सळई कोणी बसवली?"

"हिनं," उमरावजी क्षणाचाही विलंब न लावता म्हणाले. "मी नाहीच म्हनत होतो, साहेब."

ट्रकवाल्यानं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

साहेबांनी दांडा बोटानं उघडला, सोडला. पुन्हा उघडला, सोडला. मग शेजारच्या कारकुनाला म्हणाले, "पाहा, कसा मुकाट जागेवर येतो. याला काम म्हणतात." आणि त्यांनी कागदावर सही केली.

परतताना मुर्रीच्या तोंडाशी मनिराम उभा होता. सुमित्राबाईंनी गाडी थांबवली, इंजिन बंद केलं नाही.

"झाली का पास?"

"झाली ना," उमरावजी खिडकीतून म्हणाले. "साहेब खुश. म्हने, हे काम—"

सुमित्राबाईंनी पाय बोटभर दाबला. इंजिन तेवढंच वर गेलं. मनिरामनं कानाला हात लावला. उमरावजींचे ओठ हलत राहिले, हातही हलत राहिले, एकदा त्यांनी स्वतःच्या छातीवर बोटही ठेवलं. मग सुमित्राबाईंनी पाय उचलला. गाडी एकदम गप्प झाली.

"पुन्हा सांगा जी," त्या म्हणाल्या. "त्याला ऐकू नाही आलं."

उमरावजींनी त्यांच्या पायाकडे पाहिलं. पाय अॅक्सिलरेटरवरच होता.

"सुमित्रानं बसवलं," ते म्हणाले.

इंजिन अगदी हळू चालू होतं. मनिरामला स्वच्छ ऐकू आलं.