बाकावर उभे राहिलेले हेडमास्तर

आमचे हेडमास्तर वालावलकर कुणाचा तास बघायला आले, की त्या तासापुरते ढ होत. दारात चपला काढत, टोपी कोटाच्या खिशात कोंबत आणि थेट शेवटच्या बाकावर दोन पोरांच्या मध्ये जाऊन बसत. ऑफिसात ते इतकं शुद्ध बोलत, की शिपायाकडे पाणी मागतानासुद्धा 'किंचित' आणि 'कृपया' सुटत नसत. त्या बाकावर टेकले की मात्र मालवणी सुरू. "मास्तरानू, माका कळूक नाय," एवढं एक वाक्य टाकून ते भल्याभल्या शिक्षकांना घाम फोडत.

मी साताऱ्याकडचा. पन्नास साल उलटून सात-आठ वर्षं झाली असतील, तेव्हा आचऱ्याजवळच्या त्या शाळेत मराठी शिकवायला लागलो. समुद्र आणि मालवणी, दोन्ही मी पहिल्यांदाच ऐकत होतो. नेमणूक तात्पुरती होती. तपासणीच्या साहेबांना तिकडे दिपोटी म्हणत. त्यांनी बरा शेरा दिला तर मी कायम होणार, नाहीतर गावी जाऊन थोरल्या भावाच्या दुकानात गुळाच्या ढेपी फोडणार.

दिपोटी पुढच्या आठवड्यात येणार होते. त्याआधी आपण स्वतः पाठ पाहू, असं हेडमास्तरांनी मला कळवलं आणि वर "नियम म्हणजे नियम" हे नेहमीचं शेपूट जोडलं. मी धसका घेतला. माडांच्या बागेत जाऊन, एकेका माडाला मुलगा समजून, कर्मणी प्रयोग शिकवू लागलो. एका माडाला मी 'शाबास' म्हणताना घरमालकीणकाकूंनी ऐकलं आणि देवळातून अंगारा आणून माझ्या कपाळाला लावला.

त्या अंगाऱ्यासकट मी आठवीच्या वर्गात उभा राहिलो. हेडमास्तर मागे जाऊन बसले. मी फळ्यावर लिहिलं, 'रामाने आंबा खाल्ला.'

"खयचो आंबो?" मागून प्रश्न आला. "हापूस काय रायवळ?"

वर्ग खुदखुदला. कुठलाही असला तरी प्रयोग कर्मणीच, असं मी सांगितलं. हेडमास्तरांनी शेजारच्या पोराशी मसलत केली. मी फळ्याकडे वळून दुसरं वाक्य लिहायला घेतलं. तेवढ्यात पाठीमागून कुणीतरी दबक्या आवाजात विचारलं, की रामान सगळो आंबो खाल्ल्यान, तर सीता काय उपाशी ऱ्हवली?

वर्ग फुटला. माझ्या डोळ्यांपुढे गुळाची ढेप आली. फळ्याकडेच तोंड ठेवून मी ओरडलो, "कोण रे तो? उभा राहा बाकावर!"

मग बाक करकरला. मी वळून पाहिलं, तर धोतर सावरत, एका हाताने छपराचा वासा धरून, हेडमास्तर वालावलकर बाकावर उभे होते. चेहरा पकडल्या गेलेल्या पोरासारखा पडलेला. "उतरा सर," असं म्हणायला मी तोंड उघडलं.

आणि दारात दिपोटी उभे.

पुढच्या आठवड्याचे साहेब जवळच्या कट्टा गावी काही कामासाठी आले होते आणि वाट वाकडी करून आजच उगवले होते. सोला हॅट काखेत, नजर वर. हा काय प्रकार आहे, असं त्यांनी मला विचारलं. मी हातातला खडू त्यांच्यापुढे धरला. का धरला, ते आजही सांगता येत नाही.

उत्तर वरून आलं, आणि तेही ऑफिसातल्या मराठीत. "साहेब, मी वर्गात मध्येच बोललो. मास्तरांनी शिक्षा केली आहे. तास संपेपर्यंत मला उतरता येणार नाही. नियम म्हणजे नियम."

दिपोटींनी त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हेडमास्तरांच्या पायांशेजारची जागा पकडून ते त्या दोन पोरांमध्ये बसले.

आता शिकवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. सीतेचा प्रश्न तर लोंबकळतच होता. म्हणून मी वर्गालाच सांगितलं, की सीतेला जेवू घाला. मग काय, जो तो वाढायला उठला. सीतेने फणस खाल्ला, सीतेने भाकरी खाल्ली, सीतेने काजू खाल्ले. एका मुलीने तर तिला खेकडाही खायला घातला. क्रियापद कसं बदलतंय ते पोरं ओरडून सांगत होती आणि मी लिहून लिहून खडूने पांढरा झालो होतो. वर वाशापाशी हेडमास्तरांनी समाधानाने मान हलवली. "आता कळला," ते म्हणाले.

या शाळेत शिस्त फार कडक दिसते, एवढंच दिपोटी चहा पिताना बोलले आणि बराच वेळ बशीत बघून हसत राहिले. मी कायम झालो.

त्या रविवारी हेडमास्तरांनी मला जेवायला बोलावलं. बायको वारल्यापासून ते एकटेच राहत. त्यांनी स्वतः पेडवे या काटेरी माशांचं तिखलं, म्हणजे झणझणीत कालवण, केलं होतं. जेवताना मी धीर करून विचारलं, की तुम्ही वर्गात असे का बसता?

त्यांनी भात कालवता कालवता सांगितलं. त्यांचा एकुलता मुलगा त्यांच्याच वर्गात होता, शेवटच्या बाकावर. मास्तरांचा मुलगा, म्हणून सगळं येत असणारच, असं सगळे धरून चालले होते. पहिल्यांदा नापास झाला तेव्हा यांनी त्याला सगळ्यांसमोर छडीने मारलं. तो मुंबईला पळाला आणि बोटीवर लागला. आता कुठल्या बंदरात असतो, ते ठाऊक नाही.

"माका कळूक नाय, असा वर्गात बापाक कसो सांगतलो तो?" ते म्हणाले.

मी पेडव्यांशी झगडत होतो. आमच्याकडे मासा म्हणजे ओढ्यातला, वर्षातून एकदा. काटा तोंडात आला की मी भाताबरोबर तसाच गिळायला बघत होतो. त्यांनी ते पाहिलं आणि माझं ताट स्वतःकडे ओढलं. बोटांनी काटे वेगळे करून मऊ मासा माझ्या भाताच्या कडेला लावू लागले.

"जेव रे, सावकाश जेव," ते म्हणाले. एरवी मला ते 'मास्तर' म्हणत.

मी खाली मान घालून जेवलो. माझं पोट भरलं, तरी ते काटे काढतच होते.