चालू लिफ्टचं जतन

रुग्णालयातल्या चारपैकी तीन लिफ्ट बंद पडल्या, तेव्हा कोणी फारसं मनावर घेतलं नाही. चौथी अजून चालते असं लक्षात आल्यावर मात्र समिती नेमावी लागली.

समितीचे अध्यक्ष भाषातज्ज्ञ होते. पहिल्याच बैठकीत त्यांनी खुलासा केला, "'रेलिक' हा शब्द मूळचा लॅटिन. अर्थ, मागे राहिलेलं. आपला 'अवशेष'ही तेच सांगतो. वस्तू जुनीच हवी असं कुठे आहे? बाकीच्या गेल्या, ही उरली. म्हणजे ही अवशेष." आम्ही सदस्यांनी बाकं वाजवली. दुपारी लिफ्टपुढे दोरी बांधून 'हात लावू नये' अशी पाटी लागली.

संध्याकाळी एक मुलगी वडिलांना स्ट्रेचरवरून घेऊन आली. ऑपरेशन चौथ्या मजल्यावर होतं.

"काका, घ्या ना वर! अपेंडिक्स फुटायच्या बेतात आहे."

"बटण दाबलं की मेमो मिळतो, ताई," लिफ्टमन म्हणाला. "आता मी फक्त माहिती सांगतो. ही लिफ्ट वर जायची. परत खालीसुद्धा यायची."

"पण चालू आहे ना?"

"म्हणून तर!"

"मग जिन्यानं नेते."

"जिने दोन. एक दुरुस्तीसाठी बंद आहे. उरलेल्याला आत्ताच दोरी लागली."

मुलीनं तक्रार केली. समिती काही निर्दय नव्हती; सर्जनबाईंनाच खाली बोलवायचं ठरलं. तेव्हा कळलं, की सहापैकी पाच सर्जन केव्हाच नोकरी सोडून गेलेत. बाई समितीच्या खास परवानगीनं जिन्यावरून तळमजल्यावर उतरल्या त्या थेट आम्ही सजवून ठेवलेल्या काचेच्या खोलीत. हातमोजे चढवलेलेच होते. अस्सल दिसतात म्हणून तसेच राहू दिले.

"बाबा, त्या बघा डॉक्टर."

"दिसतायत," बाबा कण्हत म्हणाले. "हात हलवतायत का गं?"

"नाही बाबा. काच ठोठावतायत."

एव्हाना रांगेतले काही रुग्ण घरी गेले होते, काही लिफ्टशिवायच वर. उरलेले नातेवाईक लिफ्टसोबत फोटो काढत होते.

"अहो, माणूस मरतोय इथे!" मुलगी ओरडली. "कुणालाच कसं काही वाटत नाही?"

अध्यक्षांनी दालनभर नजर फिरवली. खरंच, कुणालाच काही वाटत नव्हतं. ओरडणारी ती एकटीच होती. त्यांनी आदरानं चष्मा काढला आणि हळूच म्हणाले, "दोरी आणा."

तिच्या बाबांचं पुढे काय झालं, हे विचारणारं आता कोणी नाही. तुम्हाला विचारायचंच असेल, तर आधी आजूबाजूला बघून घ्या, आणखी कोणी विचारतंय का. आमच्याकडे दोरी बरीच उरली आहे.