दांडी धरायची रीत

रबरी चेंडू दाबायचा डोमाजींना वीट आला आणि तिथूनच सगळं बिघडलं. (तसं बिघडायचं फारसं काही उरलं नव्हतं. लकव्याचा झटका आल्यापासून डावा हात खांद्याला नुसता टांगलेला होता.)

अकोल्याच्या जुन्या शहरात त्यांचं फुलांचं दुकान. तीस वर्षं डोमाजींनी गजरे गुंफले, तेही हाताकडे न बघता, गिऱ्हाइकाशी गप्पा मारत. आता दुर्गाबाई गुंफायच्या आणि डोमाजी लोकांची हळहळ ऐकायचे. शेवटी दुर्गाबाईंनी सांगून टाकलं, "दसऱ्यापर्यंत एक गजरा गुंफून दाखवा. नाई तं दुकान देवमनले देतो. माह्या एकटीच्यानं होत नाई आता."

देवमन म्हणजे दुर्गाबाईंचा सख्खा भाऊ. डोमाजींच्या मते त्याला झेंडू आणि शेवंतीतला फरक पाटी लावल्याशिवाय कळत नसे.

मुलगी आरती कॉम्प्युटर दुरुस्त करायची आणि सुट्टीच्या दिवशी टीव्हीवर मारामारीचा गेम खेळायची. त्याची तिची खास पेटी होती. डावीकडे गोटी बसवलेली दांडी, उजवीकडे बटणं. ती पेटी तिने बापाच्या मांडीवर ठेवली.

"बाबा, चेंडू सोडा. हे धरा."

डोमाजींनी उजव्या हाताने डावा उचलून दांडीवर ठेवला आणि हापशाचा दांडा धरावा तशी मूठ आवळली. पडद्यावरचा त्यांचा पहिलवान नुसत्या उड्या मारत मेला.

"आवळू नका ना!"

"नाई आवळली तं तो मरते!"

"आवळली म्हणूनच मरून राहिला. हात खालून घाला, तळवा वर. दांडी करंगळी अन् बाजूच्या बोटाच्या मधात. गोटी तळव्यात नुसती बसू द्या. मनगट ढिलं. आता खाली, तिरपं, समोर, एका झोकात. मंग तो आगीचा गोळा फेकते."

करंगळी नेमकी कुठे आहे, हे डोमाजींना डोळ्यांनी बघावं लागलं.

चाळीस दिवस ते रोज मेले. दुर्गाबाई भाजी चिरता चिरता विचारायच्या, "आज किती बाऱ्या मेले?" डोमाजींना खऱ्या मरणाची भीती नव्हती. दुकानाच्या कोपऱ्यातल्या फुटक्या टोपलीसारखं पडून राहायची होती, आणि ती भीती त्यांनी कुणाला सांगितली नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी गोळा सुटला! एक, दुसरा, तिसरा. समोरचा पहिलवान आडवा झाला. डोमाजी असे ओरडले की शेजारची नीलम दुसरा झटका आला समजून रिक्षा घेऊनच आली.

त्याच संध्याकाळी दुर्गाबाईंनी सगळ्यांसमोर कळ्या आणि दोरा ठेवला. देवमनही होता. डोमाजींनी दोरा करंगळीत अडकवला, दोन कळ्या जोडल्या. बोटांना सगळं आठवत होतं. आता फक्त गाठ. मनगट हललं, आणि खाली, तिरपं, समोर! कळ्या देवमनच्या कपाळावर. पुढच्या दोन नीलमच्या पदरात. तिसरी जोडी दुर्गाबाईंच्या चहात.

आधी देवमन हसला, मग सगळे हसले, मग डोमाजीही हसले. हसता हसता त्यांना रडू आलं, ते काही थांबेना. दुर्गाबाईंनी गुपचूप कळ्या वेचल्या.

दसऱ्याला दुकानाची चावी देवमनकडे गेली. दुपारी फुलं सुकायला लागली तेव्हा डोमाजींनी डावा हात बादलीत बुडवला. खाली, तिरपं, समोर. शेवटच्या टोपलीपर्यंत पाणी सारखं पोचलं.

"भाऊजी," देवमन म्हणाला, "हे काम तुमचंच."

तीस वर्षांच्या गजऱ्यांनंतर पदरात पडलं ते पाणी शिंपडणं. तरी डोमाजींना बरं वाटलं, खोटं कशाला सांगा. घरी येऊन त्यांनी ऐटीत सांगितलं, "आरती, त्या पहिलवानाले पाडलं ना, तवाच माहा हात सुटला."

आरती पेटीची वायर गुंडाळायला लागली.

"बाबा, रागावू नका. तुमी रोज मरून राहिले होते, पाहवत नव्हतं. म्हणून त्या दिवशी समोरच्याचे हातपाय मी सेटिंगमध्ये बंद करून ठेवले होते."

डोमाजींनी आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं.

"म्हणजे," ते म्हणाले, "लुळ्यानं लुळ्याले पाडलं तं."