कौशिकरावांची राई

"कंपन्यांना बारा वर्षं लागतात ना? मी बारा दिवसांत करून दाखवतो!"

दोहातल्या मुशैरिबच्या ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत, डब्यातल्या भेंडीच्या साक्षीने कौशिक पोतनीसने ही घोषणा केली. समोर बसलेल्या विजयचा घास हातातच राहिला.

"काय करून दाखवतोस?"

"ब्लेंड! तीन प्रकारच्या राय व्हिस्क्या. एक तिखट, एक गोडसर आणि एक जुनी, मुरलेली. राय म्हणजे धान्य असतं बरं का, आपल्या गव्हाच्या चुलतभावासारखं. तिन्ही योग्य प्रमाणात मिसळायच्या आणि एकमेकींत मुरू द्यायच्या. नाक लागतं त्याला, नाक!"

कौशिकला नाक होतं, यात वाद नव्हता. ते जरा जास्तच होतं. पण मागच्या टेबलावर अरुणकुमार साहेब बसले आहेत, हे काही त्या नाकाला कळलं नाही.

"अस्सं?" साहेब वळून म्हणाले. साहेब बेळगावचे, मराठी बोलत, पण प्रत्येक वाक्य शेवटी झोक्यावर बसवत. "राय आमचा वीक पॉइंट आहे हो! चव दाखवा की मग एकदा!"

कौशिकचं कॉन्ट्रॅक्ट पुढच्याच महिन्यात संपत होतं आणि त्यावर सही करायची होती याच साहेबांनी. शुक्रवार ठरला. बारा दिवसांनंतरचा.

घरी, अल मन्सूराच्या तिसऱ्या मजल्यावर, तयारी झोकात सुरू झाली. दारूच्या परमिटवर तीन महिने जपून आणलेल्या तीन बाटल्या निघाल्या. लेकीच्या तापाच्या औषधाची सिरिंज मापाला आली. दोन थेंब इकडचे, तीन तिकडचे, मग वास, मग डोळे मिटणं, मग "आहाहा!" बायको भैरवी दारात उभी राहून बघत होती.

"पूजा झाली की सांग," ती म्हणाली. "आणि एक ऐक. परवा आई येतेय नाशिकहून, दोन महिन्यांसाठी. तिला यातलं काही, काही म्हणजे काहीही, कळता कामा नये!"

लताबाई म्हणजे तीस वर्षं मुख्याध्यापिका. दारूच्या जाहिरातीवरून नजर गेली तरी चष्मा पुसणाऱ्या. मूळ बाटल्या लगेच कपाटातल्या बॅगेत कुलूपबंद झाल्या. तयार ब्लेंड मात्र दोन तपकिरी बाटल्यांत होतं, आणि ते रोज हलवायला लागणार होतं. रोज बॅग उघडली तर सासूबाईंना संशय यायचा! मग कौशिकला अशी काही युक्ती सुचली की त्याने स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. बाटल्या त्याने ओट्याखाली, तेलाच्या डब्यांमागे ठेवल्या आणि त्यांवर ठळक अक्षरांत चिकटवलं: 'राई'.

"मोहरीचं तेल समजतील!" तो भैरवीला म्हणाला. "आणि तुमच्याकडे जन्मात कुणी मोहरीचं तेल खाल्लंय का? कोण हात लावतंय त्याला?"

खाण्यासाठी कुणी हात लावला नाही, हे खरंच.

लताबाई आल्या आणि दुसऱ्याच दिवशी दोहाच्या एसीने त्यांचं नाक चोंदलं. इतकं की कांदा आणि गुलाब त्यांना सारखेच. तिसऱ्या दिवशी बिल्डिंगची लिफ्ट बंद पडली. तीन मजले चढल्यावर गुडघे म्हणाले, आता पुरे! लताबाई स्वयंपाकघरात शेकायला मीठ शोधायला गेल्या आणि सापडली राई.

सासूबाई घरात असताना ओट्याखाली वाकून बाटल्या हलवायची कौशिकची हिंमतच झाली नव्हती, म्हणून हे त्याला कळलं ते थेट बाराव्या दिवशी, म्हणजे गुरुवारी संध्याकाळी. तेही विजयच्या बायकोने, नीताने, भैरवीला केलेल्या फोनवरून.

"भैरवी, राग मानू नकोस हं," नीता दबक्या आवाजात म्हणाली. "काकू घरी खूश आहेत ना? कौशिक नीट वागतो ना त्यांच्याशी? नाही म्हणजे... आज दुपारी भजनाला आल्या होत्या ना, तर शेजारच्या बायका सरकत सरकत पार बाल्कनीत पोचल्या. वास येत होता गं! आणि काकू टाळ काय जोरात वाजवत होत्या!"

भैरवीने फोन ठेवला आणि नवऱ्याच्या कानात सगळं सांगितलं. नवरा स्वयंपाकघराकडे धावला. डब्यांमागे हात घातला, आणि हाताला लागली ती भिंत!

"आई! इथे दोन बाटल्या होत्या..."

"ते राईचं तेल ना?" लताबाई सोफ्यावर पाय लांब करून प्रसन्न बसल्या होत्या. "अहो कौशिकराव, कुठून आणलंत? तेलकटपणा म्हणून नाही! लावलं की आधी गार, मग गरम, आणि चोळेपर्यंत जिरूनसुद्धा जातं. एक बाटली संपवली मी आठवड्यात. आज भजनाला तीन तास मांडी घालून बसले, विश्वास बसेल?"

कौशिकला आपली मुरलेली राय, ती जुनी, महाग, डोळे मिटून हुंगलेली राय, सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांत जिरलेली दिसली.

"आणि दुसरी?"

"दुसरी दिली मैमुनाचाचींना. पहिल्या मजल्यावरच्या. बिचारीचे गुडघेही अगदी माझ्यासारखेच!"

कौशिकच्या पायांखालची फरशी सरकली. मैमुनाचाची दापोलीच्या, पाच वेळा नमाज पढणाऱ्या, रमजानात सगळ्या बिल्डिंगला खजूर वाटणाऱ्या. त्यांच्या घरात आपली दारू! शिवाय या देशात परमिटवरची बाटली दुसऱ्याला देणं म्हणजे कायद्यालाच नेऊन देणं. साहेब, सही, कॉन्ट्रॅक्ट, व्हिसा, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून विमानात बसून गेलं. जिने त्याने उतरले नाहीत. तो त्यांवरून ओघळला.

चाचींनी दार उघडलं. "ये रे बाबा. दमलास किती! पानी देऊ?"

"चाची, ते तेल... सासूबाईंनी दिलेलं... एक्सपायर झालंय ते!"

चाची पदर सावरून म्हणाल्या, "कौशिक, तुझ्या सासूला सर्दी हाय. मला नाय."

कौशिकने मान खाली घातली. ती वर यायला तयार होईना.

"झाकन उघडलं नि लगेच कळलं मला. चार पिशव्यांत बांधून बाहेर ठेवली, चपलांच्या मागं. ओतून देनार होते. पन म्हटलं, ही लताबाई एवढ्या मायेनं घेऊन आली, तिला बापडीला ठाऊक नाय. तिला कळलं तर ती लाजेनं अर्धी होईल." चाचींनी बाहेरचं गाठोडं बोटाने दाखवलं, हात लावला नाही. "घेऊन जा. आनि परत माझ्या दारात येता कामा नये. खलास!"

"चुकलं चाची. शपथ, मी..."

"शपथ नको. लिफ्टवाल्याला फोन कर, तेवढं पुरे."

गाठोडं छातीशी धरून कौशिक वर आला. एक बाटली तर वाचली! चव घेऊन बघायची त्याला फार इच्छा होती. पण भैरवीने ती हिसकावून कुलपात टाकली. "उद्या साहेब येईपर्यंत त्या बाटलीकडे बघायचंसुद्धा नाही!"

शुक्रवारी दुपारी भैरवी आईला आणि लेकीला घेऊन अल गराफाला नीताकडे जेवायला गेली. इकडे साहेब गाडी घरी ठेवून, मेट्रोने, विजयबरोबर आले. कौशिकने तपकिरी बाटलीतून तीन ग्लास भरले. साहेबांनी ग्लास नाकाशी नेला, घोट घेतला आणि डोळे मिटले.

"पोतनीस!" साहेब कुजबुजले. "लवंग! मागून ओवा... आणि शेवटी, शेवटी जायफळ! कसं जमवलंत हो हे?"

कौशिकने आपला घोट घेतला. खरंच की! लवंग! त्याला स्वतःला काही उमगलं नव्हतं, पण छाती मात्र फुगली.

"त्याचं असं आहे सर, रायमध्ये हे सगळं मुळातच असतं. फक्त बाहेर काढता यावं लागतं. मी प्रमाण असं काही साधलं की तिखटाने गोडाला हात दिला, जुनीने दोघींना मांडीवर घेतलं..."

तो दहा मिनिटं बोलला. विजयने दुसऱ्यांदा ग्लास पुढे केला. साहेबांनी शेवटचा घोट घेतला आणि दातांखालून काहीतरी काढून तळहातावर ठेवलं.

ती लवंग होती. अख्खी. टोपीसकट.

"हे... हेही रायमध्ये मुळातच असतं?"

तेवढ्यात कुलूप वाजलं. दारात लताबाई, एका बाजूला भैरवी आणि दुसऱ्या बाजूला लेक धरून. "काही नाही हो, गुडघेच धरले! काल चोळायला तेल नव्हतं ना..." एवढं म्हणून त्या थांबल्या. टेबलावरची तपकिरी बाटली पाहिली, तीन ग्लास पाहिले आणि किंचाळल्या:

"अगंबाई! माझं गुडघ्याचं तेल पिताय तुम्ही? थुंका! थुंका आधी! पोटात घ्यायचं नसतं ते!"

"गुडघ्याचं?" साहेबांचा चेहरा लवंगेइतका झाला.

"मग? चाचींना देण्याआधी त्यात लवंगा टाकल्या, ओवा, जायफळ ठेचून घातलं मी, दोन दिवस बाल्कनीत उन्हं दाखवली..."

विजय बेसिनकडे धावला. लेक म्हणाली, "Aaji, that's not oil. That's Baba's whiskey!"

लताबाई हळूच खुर्चीत बसल्या. मग एकेक शब्द सुटा करत, फळ्यावर लिहावा तसा, त्यांनी विचारलं, "म्हणजे... मी... भजनाला..."

"आई, तुमची काही चूक नाही," कौशिक म्हणाला. "चिठ्ठी मी चिकटवली. तुम्हाला फसवायलाच चिकटवली. आणि सर, यातली चव माझी नाही. मी दहा मिनिटं नुसतं बोललो."

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, लवंगेकडे पाहिलं, आणि मग असे हसायला लागले की खुर्ची करकरली. हसत हसत उठले आणि लताबाईंना वाकून नमस्कार केला.

"बाई, जायफळ किती घातलंत हो?"

"पाव," लताबाई फणकारल्या. "पण मी त्या बाटलीला यापुढे हात लावणार नाही. प्रमाण हवं तर तोंडी सांगेन!"

रविवारी सकाळी साहेबांचा मेसेज आला. कौशिकने तो भैरवीला मोठ्याने वाचून दाखवला.

"कॉन्ट्रॅक्टवर सही केली आहे. पुढच्या शुक्रवारी माझी बाटली घेऊन येतो. लताबाई घरी असतील का, तेवढं विचारून कळवा." पुढची ओळ त्याने मनातच वाचली. पण भैरवीने मागून मान लांब करून ती पाहिलीच.

"तुम्ही नसलात तरी चालेल."