बारा बाय आठची मूल्ये

१९९४ सालच्या ऑगस्ट महिन्यात विद्यापीठाच्या असे लक्षात आले की, आपले बोईसर येथील संगणक व माहितीशास्त्र विद्यालय गेली तीन वर्षे ध्येयाशिवाय चालू आहे. विद्यालय म्हणजे कारखान्यांच्या वाटेवरची एक बैठी इमारत. पुढे एक दालन, त्याच्या आत एक खोली, खोलीत पाच संगणक, एक प्रिंटर आणि मागच्या भिंतीत बसवलेला एसी. तिथे अठरा विद्यार्थी संगणक शिकत होते आणि चौकशीअंती असेही आढळले की त्यांना तो येतही होता.

हा प्रकार थांबवण्यासाठी परिपत्रक निघाले. प्रत्येक विद्यालयाने आपले ध्येय व सात मूल्ये निश्चित करावीत, ती बारा फूट बाय आठ फूट आकाराच्या फलकावर रंगवून दर्शनी भिंतीवर लावावीत. डिसेंबरात पाहणी समिती येईल.

विद्यालयाचे प्रमुख नागोराव डिग्रसकर मूळचे परभणीकडचे, स्वभावाने अगदी पापभीरू. त्यांना दोनच गोष्टींची भीती वाटे : विद्यापीठाचे पत्र येण्याची आणि न येण्याची. त्यांनी तातडीने मूल्य-निश्चिती उपसमिती नेमली. सचिव झाले तरुण व्याख्याते कमलाकांत राऊत. बैठकीला थंडावा हवा म्हणून उपसमिती संगणकांच्या खोलीत बसू लागली आणि प्रात्यक्षिकाचे तास बाहेर थांबू लागले.

बाहेर थांबणाऱ्यांत लाडकी घाटाळ होती. मनोरच्या पलीकडच्या पाड्यावरून दोन एसट्या बदलून ती यायची. बाप बुधा डोंगरउतारावर नाचणी पिकवायचा. लेक नेमके काय शिकते हे त्याला सांगता येत नसे, पण ते शिकायला ती पहाटे चारला उठते हे तो सगळ्यांना सांगे. तिसऱ्या दिवशीही खोली बंद दिसली तेव्हा लाडकीने दार लोटले.

"सर, आमचा प्रॅक्टिकल हाय."

"अहो, तुमच्यावरच चर्चा चाललीय," कमलाकांत म्हणाले. "पहिलं मूल्य : विद्यार्थी केंद्रस्थानी. तुम्ही जरा बाहेर बसा."

चार महिन्यांत सात मूल्ये तयार झाली. उपसमितीला पाचच सुचली, म्हणून 'पारदर्शकता' आणि 'गतिमानता' ही विद्यापीठाने स्वतःकडची पाठवली. मग घिवलीचा सुतार चिंतू माप घ्यायला आला. दालनाला बारा फुटांची भिंत एकच होती, संगणकांच्या खोलीची. खोलीचे दारही तिच्यातच होते.

"साएब, फळी बसल," चिंतू म्हणाला. "पन दार जाईल."

"जाईल म्हणजे? कुठे जाईल?"

"जातंय कुठं? ऱ्हाईल तितंच. फळीमागं."

नागोरावांनी लहान फलकाची परवानगी मागितली. उत्तर आले : 'फलकाचा आकार धोरणात्मक आहे. दाराचा प्रश्न स्थानिक पातळीवर सोडवावा.' चिंतूने फळीतच दार कापायचे सुचवले. कमलाकांतांनी फलकाचा आराखडा पाहून नकार दिला. कापले असते तर चौथे मूल्य, 'सर्वांना मुक्त प्रवेश', बरोबर मधोमध चिरले गेले असते.

अखेर ठरले की प्रश्न आठ दिवसांचा आहे. समिती येऊन जाईल आणि फळी काढता येईल. फळी ठोकली. त्याआधीच आतला एसी काढून समितीसाठी दालनात आणला होता, कारण समित्यांना थंडीतही घाम येतो असा अनुभव होता. आणि दुसऱ्या दिवशी तार आली : 'दौरा पुढे ढकलला आहे. तारीख कळवू.' समिती आता कधीही येऊ शकत होती, त्यामुळे फळी कधीच काढता येत नव्हती.

वर्ग दालनात भरू लागला. कमलाकांतांनी खडूने फळ्यावर संगणक काढला आणि तो कसा सुरू करावा हे शिकवले. लाडकीने पुठ्ठ्यावर कळा आखून घरी बोटे चालवून पाहिली. पंधरा दिवसांनी तिने शिपाईकाम करणाऱ्या साखरबाईंना गाठले. साखरबाई बीडकडच्या, नवरा कारखान्यात, बिऱ्हाड सालवडला.

"मावशी, पुठ्ठा चूक सांगत नाय. मी चुकले का बरोबर, कसं कळायचं?"

साखरबाईंनी तिला हाताला धरून इमारतीमागे नेले. एसी काढला होता तिथे भिंतीत चौकोनी भगदाड उरले होते.

"लई बारीक हायस. शिर आत. म्या स्टूल धरते."

लाडकी शिरली. आठवडाभरात अठराही विद्यार्थी पाळीपाळीने शिरू लागले. जाडजूड असलेल्या दोघांना साखरबाई पदर खोचून मागून ढकलत. मूल्यांमागून प्रिंटरची खरखर ऐकू येई. नागोरावांना ती ऐकू येत होती. पण कागदोपत्री खोली बंद होती, आणि कागदापुढे कानांवर विश्वास ठेवण्याची त्यांना सवय नव्हती. फक्त एकदा त्यांनी साखरबाईंना म्हटले, "ते स्टूल डुगडुगतं. दुसरं घ्या."

समिती चार एप्रिलला आली. परीक्षा सहाला होती. बाकीचे विद्यार्थी स्वागताला रांगेत उभे राहिले. लाडकी आत राहिली. तिला एका कारखान्याच्या मालसाठ्याचा प्रोग्रॅम पुरा करायचा होता आणि तो कालपासून एकाच ओळीवर अडत होता.

अध्यक्षांनी फलक मोठ्याने वाचला. 'गतिमानते'पाशी ते थांबले.

"हा आवाज कसला?"

नागोरावांनी कमलाकांतांकडे पाहिले. कमलाकांत पुढे झाले. "अंमलबजावणीचा, सर. मूल्यांच्या मागे सतत चालू असते."

अध्यक्षांनी हे वाक्य वहीत लिहून घेतले. पण एक सदस्य हात धुवायला मागे गेले आणि त्यांना भिंतीतून दोन पाय बाहेर येताना दिसले.

"कोण तू? काय करतेस?"

"शिकतेय, सर."

"अशी? भिंतीतून?"

"पुढून मूल्यं लावलीत ना, सर. म्हणून मागून."

अहवाल दुसऱ्याच दिवशी आला. विद्यालयाला सर्वोच्च श्रेणी मिळाली होती. अट एवढीच की फलक तीन वर्षे हलवू नये. शेवटी एक शेरा होता : 'इमारतीच्या मागील बाजूने विद्यार्थी संगणकांपर्यंत पोहोचत असल्याचे आढळले. त्वरित बंदोबस्त करावा.' उरलेल्या फळीने चिंतूने भगदाड बंद केले.

सहा तारखेला बाहेरून परीक्षक आले. नागोराव सकाळपासून फलकासमोर उभे होते. त्यांनी चिंतूला बोलावून घेतले होते.

"चार खिळे काढायचे, साएब. पाच मिनटांचं काम."

नागोरावांनी फळीवर हात ठेवला. मग खिशातले श्रेणीचे पत्र काढून पुन्हा वाचले. मग चिंतूला चहा पाजून परत पाठवले आणि खुर्चीत बसून बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

विद्यापीठाने फोनवर सांगितले, उपलब्ध परिस्थितीत परीक्षा घ्या. उपलब्ध काय होते, तर फलक. परीक्षकांनी एकेकाला त्याच्याकडे पाठ करून उभे केले आणि सात मूल्ये विचारली. सतरा जणांनी घडाघडा म्हटली. लाडकी पाचव्या मूल्यावर अडखळली.

"सर, प्रोग्रॅम विचारा ना. मालसाठ्याचा चालतो आता."

"मशीन कुठं आहे?"

"माझ्या पाठीमागं, सर."

परीक्षकांनी फलकाकडे पाहिले आणि पुढचे नाव पुकारले. प्रात्यक्षिकात लाडकी नापास झाली.

जूनमध्ये प्रवेश सुरू झाले. सर्वोच्च श्रेणीची बातमी पसरली होती. पालघरपासून तारापूरपर्यंतचे पालक रांगेत होते, आणि दालनात पोहोचलेला प्रत्येक जण आधी फलक वाचत होता. काहींनी तर पोरांना त्याच्यासमोर उभे करून फोटो काढले. मीही माझ्या मुलाला घेऊन रांगेत होतो. गुणपत्रिका न्यायला आलेली एक सडपातळ मुलगी एकेकाला सांगत चालली होती, "काका, मशीन या फळीमागं बंद हायत. सहा महिने झाले."

"नापास झालीस ना पोरी," माझ्या पुढचे गृहस्थ म्हणाले, "म्हणून बोलतेस."

मी विचारले, "आता काय करतेस?"

"कारखान्यात हाय. संगणकावर."

"नापास असून?"

"त्यांनी काय विचारलं नाय. मशीनवर बसवून बघितलं."

उत्तर देऊन ती बसस्टॉपकडे गेली. मी मुलाकडे पाहिले, फलकाकडे पाहिले. फळीवर बोटाने टकटक केले असते तर मागची पोकळी कळली असती. हात पुढे केलाही होता. पण रांग सरकली आणि मागून कोणीतरी वैतागून म्हणाले, "अहो, चला की पुढे." वळून पाहिले, तर फॉर्म हातात घेऊन तुम्ही उभे होतात.